परत येणारा कॅमेरा

डॉक्युमेंटरी या प्रकाराला मराठीत तीन नावं आहेत आणि तिन्ही थोडी थोडी अपुरी पडतात. 'वृत्तचित्र' म्हटलं की बातमी आठवते. 'अनुबोधपट' म्हटलं की कुणीतरी कुणाला तरी शहाणं करायला निघालं आहे असं वाटतं. आणि 'माहितीपट' या सर्वांत रुळलेल्या शब्दात माहिती देणारा एक आणि ती घेणारे अनेक, ही वाटणी आधीच झालेली असते. आनंद पटवर्धन गेली पन्नास वर्षं जे चित्रपट करत आले आहेत, त्यांत माहिती भरपूर आहे. पण ती मिळवायला कुणी ते पुन्हा पुन्हा पाहत नाही. त्यांच्या कामाचा कणा आहे तो परत जाण्याचा. ज्यांचं चित्रण केलं त्या माणसांकडे परत जायचं, अर्धवट राहिलेल्या प्रश्नाकडे परत जायचं, तयार झालेला चित्रपट घेऊन त्याच वस्तीत पडदा बांधायचा, आणि तो दाखवायला मनाई झाली तर न्यायालयाच्या पायऱ्या पुन्हा चढायच्या. पटवर्धन जहाल आहेत हे सगळेच म्हणतात, त्यांचे विरोधक तर जरा जास्तच जोरात. हा जहालपणा बहुतेक वेळा त्यांच्या मतांमध्ये शोधला जातो. या पुस्तकाची मांडणी अशी की त्यांची मतं त्यांच्या पिढीतल्या पुष्कळांची होती. त्यांची काम करण्याची रीत मात्र फार थोड्यांची होती, आणि जहालपणा त्या रीतीत आहे.

हे पटायला आधी जमीन कशी होती ते पाहावं लागतं. भारतात कॅमेरा आला तो प्रत्यक्ष घडणाऱ्या गोष्टी टिपतच. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी 1899 मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली, आणि 1901 मध्ये केंब्रिजहून परतणाऱ्या रँग्लर परांजप्यांचं स्वागत. पुढे कथापट आला आणि त्याने सगळी जागा व्यापली. वास्तवाचं चित्रण राहिलं ते आधी ब्रिटिशांच्या युद्धप्रचारासाठी आणि 1948 पासून फिल्म्स डिव्हिजनच्या हाती. थिएटरात मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनचा लघुपट दाखवणं परवान्याच्या अटीनेच बंधनकारक होतं. धरणं, पोलादाचे कारखाने, कुटुंबनियोजन, पूर आणि मदतकार्य. वर एका भारदस्त पुरुषी आवाजातलं निवेदन. त्या संस्थेला सरसकट मोडीत काढणं अन्यायाचं होईल. साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात तिथेच एस. एन. एस. शास्त्रींनी स्वातंत्र्याबरोबर जन्मलेल्या विशीतल्या मुलामुलींना बोलतं केलं, प्रमोद पतींनी चित्रभाषेचे अचाट प्रयोग केले, आणि सुखदेव यांनी 'इंडिया 67' मध्ये निवेदन बाजूला ठेवून देश नुसता पाहू दिला. पण पैसा सरकारचा, प्रेक्षक सरकारने बसवून ठेवलेला आणि शेवटचा शब्दही सरकारचाच. ज्यांना हे टाळायचं होतं त्यांना सेन्सॉर आडवं येई. ख्वाजा अहमद अब्बास यांनी 'चार शहर एक कहानी' या छोट्या माहितीपटासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली, आणि 1970 च्या त्या निकालाने चित्रपटांची पूर्वतपासणी वैध ठरवली. मुद्रित पुस्तकाला जे स्वातंत्र्य आहे ते चित्रपटाला नाही, ही गोष्ट तिथे पक्की झाली आणि आजही ती तशीच आहे.

पटवर्धनांचा जन्म 1950 चा, मुंबईचा. त्यांचे काका रावसाहेब आणि अच्युतराव पटवर्धन ही नावं मराठी वाचकाला सांगावी लागत नाहीत. बेचाळीसच्या भूमिगत लढ्याची आणि साताऱ्याच्या पत्री सरकारची आठवण अच्युतरावांशिवाय पुरी होत नाही. आई निर्मला पटवर्धन शांतिनिकेतनात शिकलेल्या नामवंत कुंभारकलावंत. घरातल्या या वारशाकडे दिग्दर्शक म्हणून वळायला त्यांनी बराच उशीर केला, तो थेट 2023 च्या 'वसुधैव कुटुंबकम' मध्ये. त्याआधी मुंबई विद्यापीठात इंग्रजी साहित्य, अमेरिकेत ब्रँडाइसला समाजशास्त्र, व्हिएतनाम युद्धाविरुद्धची आंदोलनं, कॅलिफोर्नियात सीझर चावेझ यांच्या शेतमजूर संघटनेत स्वयंसेवक, आणि परत आल्यावर मध्य प्रदेशात 'किशोर भारती' या ग्रामीण शिक्षणप्रकल्पात काम. ही यादी मुद्दाम दिली, कारण तिच्यात चित्रपटाचं शिक्षण कुठेच नाही. ते आधी कार्यकर्ते होते. कॅमेरा हाती आला तो चळवळीची एक गरज म्हणून.

ती गरज पाटण्यात उभी राहिली. 4 नोव्हेंबर 1974 च्या मोर्चात लाठीमार होणार, हे जयप्रकाश नारायणांच्या आंदोलनातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. तो कुणीतरी टिपून ठेवायला हवा होता. हाताशी होता हौशी लोक घरगुती समारंभांसाठी वापरत तो सुपर आठचा कॅमेरा. त्यावर काढलेली दृश्यं पडद्यावर पाडून ती पुन्हा सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित केली गेली. 'क्रांती की तरंगें' मधली ती दाणेदार, थरथरती, कडा विरघळलेली चित्रं अशी तयार झाली. आणीबाणी लागल्यावर हा चित्रपट जवळ असणं धोक्याचं झालं. त्याचे तुकडे करून ते वेगवेगळ्या माणसांच्या सामानातून देशाबाहेर गेले आणि तिकडे पुन्हा जोडले गेले. पटवर्धन स्वतः कॅनडाला गेले, मॅक्गिल विद्यापीठात शिकले आणि तिथून आणीबाणीविरोधी प्रचार करत राहिले. त्या काळात लॅटिन अमेरिकेतून एक विचार जगभर पसरत होता. अर्जेंटिनाचे सोलानास आणि हेतिनो यांनी 'द अवर ऑफ द फर्नेसेस' लपूनछपून दाखवला होता. खेळ मध्येच थांबवून प्रेक्षकांनी चर्चा करावी अशीच त्याची रचना होती. क्यूबाचे गार्सिया एस्पिनोसा अपूर्ण, ओबडधोबड सिनेमाची बाजू मांडत होते. पटवर्धनांनी पाटण्यात जे अडचणीपोटी केलं होतं त्याला इथे विचाराचा आधार मिळाला.

आणीबाणी उठल्यावर त्यांनी काय केलं, हे त्यांच्या स्वभावाची खरी ओळख करून देतं. जनता पक्ष सत्तेवर आला होता, जयप्रकाशांचा विजय झाला होता, 'क्रांती की तरंगें' काढणाऱ्याला मिरवता आलं असतं. त्यांनी 1978 मध्ये 'ज़मीर के बंदी' काढला. राजकीय कैद्यांना आणीबाणीच्या आधीही डांबलं जात होतं, आणि ती संपल्यावरही सगळे सुटलेले नाहीत, असं तो सांगतो. आपल्या बाजूचं सरकार आल्यावरही त्याच प्रश्नाकडे परत जाणारा माणूस प्रचारक असू शकतो का, हा प्रश्न इथे पहिल्यांदा उभा राहतो.

तरी 'प्रचारपट' हा आक्षेप हलका समजू नये. पटवर्धनांच्या चित्रपटांत बाजू आहे आणि ती ते लपवत नाहीत. 'हमारा शहर' (1985) घ्या. 1981 च्या पावसाळ्यात मुंबईच्या फुटपाथांवरच्या झोपड्या पाडल्या गेल्या, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि जुलै 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हणत, नोटीस देऊन झोपड्या हटवायला मुभाही दिली. या काळातली मुंबई चित्रपटात आहे: एकीकडे बुलडोझर आणि पावसात भिजणारं सामान, दुसरीकडे शहर स्वच्छ व्हावं म्हणून कळकळीने बोलणारी सुखवस्तू माणसं. चित्रपट कुणाच्या बाजूने आहे हे कळायला दोन मिनिटंही लागत नाहीत. पण त्यातच एक प्रसंग आहे. झोपडी गेलेली एक बाई कॅमेऱ्यामागच्या माणसालाच फैलावर घेते. गरिबांची चित्रं काढून तुम्ही नाव कमावणार, आम्हाला त्यातून काय मिळणार, असा तिचा रोख आहे. तिच्या बोलण्यात विनवणी नाही, संताप आहे, आणि तो योग्य ठिकाणी पडलेला आहे. प्रचारकाने हा तुकडा संकलनाच्या टेबलावर कापून टाकला असता. पटवर्धनांनी तो ठेवला, आणि त्यावर निवेदनातून उत्तरही दिलं नाही. तो आरोप प्रेक्षकासमोर तसाच उघडा राहिला आहे. पुढच्या प्रत्येक चित्रपटात ते या बाईला काहीतरी उत्तर देऊ पाहत आहेत, असं त्यांचं काम सलग पाहताना वाटत राहतं.

नव्वदच्या दशकातली धर्म आणि राजकारणाची त्रयी त्या उत्तराचा सर्वांत परिचित भाग आहे. भगतसिंगांच्या नावावर हक्क सांगणाऱ्या खलिस्तानवाद्यांच्या आणि सरकारच्या पंजाबमध्ये भगतसिंगांचं नास्तिकत्व आठवून देणारा 'उना मित्राँ दी याद प्यारी', मग 'राम के नाम' आणि 'पिता, पुत्र और धर्मयुद्ध'. यातला 'राम के नाम' बाबरी मशीद पडण्याच्या आधी पुरा झाला, हे आज विसरलं जातं. 30 ऑक्टोबर 1990 च्या कारसेवेच्या आसपासची अयोध्या त्यात आहे. पटवर्धनांची प्रश्न विचारण्याची पद्धत इथे नीट दिसते. प्रश्न साधा, आवाज खालचा, आणि उत्तर संपल्यावरही कॅमेरा चालू. रामाचा जन्म नेमका कुठे झाला हे ठामपणे सांगणाऱ्या तरुणांना ते विचारतात, केव्हा झाला. कायद्याचं शिक्षण घेणारा एकजण अडखळतो, मित्रांकडे पाहतो, हसतो. त्या चार-सहा सेकंदांच्या शांततेत जे कळतं ते कुठल्याही निवेदनाने कळलं नसतं. आणि मग भेटतात पुजारी लालदास. न्यायालयाने नेमलेले, त्याच वादग्रस्त जागी रामाची पूजा करणारे, स्वतः गाढ श्रद्धाळू. या आंदोलनाचा संबंध भक्तीशी नाही, सत्तेशी आणि पैशाशी आहे, असं ते शांतपणे सांगतात. हा चित्रपट हिंदूविरोधी आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी लालदासांचं बोलणं पुन्हा ऐकावं. त्यातला सर्वांत खरा रामभक्त तेच आहेत. नोव्हेंबर 1993 मध्ये त्यांचा खून झाला. आज त्यांचा आवाज आणि चेहरा आपल्यापाशी आहे तो मुख्यतः या चित्रपटामुळे.

दाखवण्याच्या लढाईकडे अभ्यासक बहुधा परिशिष्टासारखं पाहतात. हे पुस्तक तिला मध्यभागी ठेवतं. पटवर्धनांचे अनेक चित्रपट राष्ट्रीय पुरस्कार मिळवत आणि त्याच सरकारचं दूरदर्शन ते दाखवायला नकार देई. ही विसंगती त्यांनी सहन करून सोडून दिली नाही. दर वेळी न्यायालयात जाऊन त्यांनी एकच गोष्ट मागितली: लोकांच्या पैशावर चालणारी वाहिनी लोकांना हे पाहू देईल की नाही. 'पिता, पुत्र और धर्मयुद्ध' 1995 चा; सर्वोच्च न्यायालयाने तो दाखवण्याचा आदेश दिला ऑगस्ट 2006 मध्ये. चित्रपटाचा सुटा तुकडा न पाहता तो सबंध पाहूनच त्याच्याविषयी मत बनवायला हवं, हे तत्त्व त्या निकालात आहे. पोखरणच्या अणुस्फोटांनंतर भारत, पाकिस्तान, जपान आणि अमेरिका पालथी घालून केलेल्या 'जंग और अमन' ला सेन्सॉर मंडळाने एकवीस काटछाटी सुचवल्या. 2003 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या सगळ्या फेटाळल्या. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवाने 2004 च्या खेपेला भारतीय चित्रपटांना सेन्सॉर प्रमाणपत्र सक्तीचं करायचं ठरवलं, तेव्हा देशभरातल्या माहितीपटकारांनी एकत्र येऊन 'विकल्प' नावाचा समांतर महोत्सवच भरवला, आणि पटवर्धन त्यात आघाडीवर होते. एखाद्याला ही हौस वाटेल. पण अब्बास यांच्या खटल्यात जो दरवाजा बंद झाला होता तो इंचाइंचाने किलकिला झाला तो अशाच खटल्यांमुळे, आणि त्याचा फायदा पुढच्या प्रत्येक माहितीपटकाराला मिळाला.

'जय भीम कॉम्रेड' वर मात्र थोडं थांबायलाच हवं. या पुस्तकाचा सर्वांत मोठा भागही त्यालाच दिला आहे. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा माणसं मेली. काही दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपल्या झोपडीत गळफास घेतला. जाण्याआधी त्यांनी घरातल्या फळ्यावर खडूने आंबेडकरी एकजुटीची घोषणा लिहून ठेवली होती, आणि आयुष्यभर डाव्या चळवळीत लाल झेंड्याखाली गायलेल्या या माणसाने कपाळाला निळी पट्टी बांधली होती. 'हमारा शहर' मध्ये गाणारे घोगरे हेच. पटवर्धन त्यांना ओळखत होते. या मृत्यूपासून सुरू झालेलं चित्रण चौदा वर्षं चाललं. निळी पट्टी का, हा या चित्रपटाचा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर डाव्यांना सोयीचं नाही. घोगऱ्यांना त्यांच्याच संघटनेने दूर केलं होतं, जातीचा प्रश्न वर्गाच्या प्रश्नात विरघळून जाईल असं मानणाऱ्यांना या माणसाची घालमेल दिसलीच नव्हती, हे चित्रपट स्वच्छ मांडतो. गॅसचा टँकर पेटवला जाणार होता म्हणून गोळीबार करावा लागला, हा पोलिसांचा दावाही तो वकिलाच्या चिकाटीने तपासून पाहतो. पण साक्षीपुराव्याच्या पलीकडे त्यात आहे ते गाणं. सत्यशोधकी आणि आंबेडकरी जलसे, अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांची शाहिरी, वामनदादा कर्डक, आणि पुढे कबीर कला मंचाची तरुण पोरं, शीतल साठे यांचा तो कापत जाणारा आवाज. चित्रपट तयार झाल्यावर त्याचा जाहीर खेळ जानेवारी 2012 मध्ये भायखळ्याच्या बीआयटी चाळीत, उघड्यावर झाला, आणि नंतर वस्त्यावस्त्यांतून. पटवर्धनांना लॅटिन अमेरिकेच्या परंपरेत बसवणं बरोबरच आहे, पण मराठी वाचकाला त्यांचं काम कळण्याची जवळची वाट जलशाची आहे. लोकांच्या दाराशी जायचं, रात्री मोकळ्या जागेत त्यांच्याच दुःखाची गोष्ट त्यांच्यासमोर मांडायची, आणि लोक बोलू लागले की थांबून ऐकायचं.

इथे सर्वांत अवघड आक्षेप येतो. दलितांची गोष्ट पटवर्धन आडनावाच्या माणसाने का सांगावी? कॅमेरा कुणाच्या हातात आहे यावर पुष्कळ ठरतं. चौदा वर्षं दिली म्हणून हा प्रश्न मिटत नाही. चौदा वर्षं देऊ शकणं हीसुद्धा एक सवलत आहे. पण या आक्षेपाने चित्रपट रद्द होत नाही, त्याची मर्यादा तेवढी आखली जाते. ही मर्यादा ओलांडण्याचं काम दुसऱ्यांचं होतं आणि ते सुरूही झालं आहे. सोमनाथ वाघमारे यांचे भीमा कोरेगाव आणि चैत्यभूमीवरचे माहितीपट, ज्योती निशा यांचं बाबासाहेबांवरचं काम, हे आतून पाहणारे चित्रपट आहेत. त्यांत सण, गर्दी, पुस्तकांचे स्टॉल, अभिमान आणि आनंद यांना जी जागा मिळते ती 'जय भीम कॉम्रेड' मध्ये जुलमाच्या नोंदीपुढे कमी पडते. दोन्ही लागोपाठ पाहावेत.

पटवर्धन एकटे नव्हते हेही नवख्या वाचकाने लक्षात ठेवावं. 'युगांतर' या स्त्रियांच्या गटाने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पुण्याच्या घरकामगार बायांबरोबर 'मोलकरीण' आणि निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांबरोबर आणखी एक चित्रपट केला. पटकथा त्या बायांशी बसून ठरवली जाई. तपन बोस आणि सुहासिनी मुळे यांनी भागलपूर आणि भोपाळ नोंदवलं, मधुश्री दत्तांनी दंगलीनंतरचा बेहरामपाडा, राकेश शर्मांनी गुजरात. दुसरीकडे मणी कौल, अमर कंवर यांच्यासारखे दिग्दर्शक चित्राला वादाच्या ओझ्यातून मोकळं करून निबंधासारखा, कवितेसारखा सिनेमा घडवत होते. या प्रवाहातून पाहिलं तर पटवर्धन सरळसोट वाटतात आणि रूपाकडे त्यांचं दुर्लक्ष आहे अशी टीका होते. ती अर्धीच खरी आहे. 'पिता, पुत्र और धर्मयुद्ध' मध्ये देवराळाच्या सतीपासून मुंबईच्या दंगलीपर्यंत आणि तिथून फुटपाथवर मर्दानगीचं औषध विकणाऱ्यापर्यंत जी साखळी जुळते ती विचाराची आहे तशीच संकलनाचीही आहे. रूप तिथे आहे. ते स्वतःकडे लक्ष वेधून घेत नाही, एवढंच.

आता हे पुस्तक का, याचं उत्तर दुर्दैवाने घटनाच देतात. दाभोलकर, पानसरे, कलबुर्गी, गौरी लंकेश यांच्या खुनांभोवती उभा असलेला चार तासांचा 'विवेक' 2018 मध्ये ॲमस्टरडॅमच्या महोत्सवात सर्वोत्तम माहितीपट ठरला, आणि पुढच्याच वर्षी केरळच्या महोत्सवात तो दाखवण्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागलं. 'राम के नाम' ला सेन्सॉर मंडळाने सगळ्यांनी पाहावा असं प्रमाणपत्र दिलेलं असताना यूट्यूबने त्यावर वयाची अट घातली. जानेवारी 2024 मध्ये हैदराबादला त्याचा छोटासा खेळ पोलिसांनी मध्येच थांबवला आणि आयोजकांना ताब्यात घेतलं. तीस वर्षांहून जुना, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला, दूरदर्शनवर दाखवला गेलेला चित्रपट. पटवर्धन फक्त आधीच पटलेल्यांशी बोलतात, हा आक्षेप अशा वेळी टिकत नाही. ज्याच्याने काही फरक पडत नाही त्याचा पडदा उतरवायला कुणी पोलीस पाठवत नाही.

पटवर्धनांवर इंग्रजीत बरंच लिहिलं गेलं आहे. त्यांच्या चित्रपटांतली मुंबई, घाटकोपर, कोल्हापूर, पुणे ज्यांच्या रोजच्या भाषेत आहेत त्या मराठीत मात्र वर्तमानपत्री परीक्षणांपलीकडे सलग असं थोडंच. या पुस्तकाने चरित्र लिहायचा प्रयत्न केलेला नाही; पटवर्धनांचा गौरवग्रंथही आम्हाला करायचा नव्हता. एकेक चित्रपट कसा चित्रित झाला, कसा अडवला गेला आणि कुणाला दाखवला गेला, अशा तीन अंगांनी तो वाचायचा, एवढीच शिस्त यातल्या लेखांनी पाळली आहे. 'जंग और अमन' मधला आशावाद भाबडा वाटतो असं म्हणणारा लेख यात आहे, आणि त्याचा प्रतिवाद करणाराही. निवेदनातल्या 'मी' विषयी लेखकांमध्ये एकमत झालं नाही आणि ते घडवून आणायचा खटाटोपही केला नाही. चित्रपटांतली संभाषणं जिथे दिली आहेत तिथे बोलणाऱ्याची बोली तशीच ठेवली आहे. लालदासांची अवधी वळणाची हिंदी आणि रमाबाई नगरातल्या बायांची मराठी प्रमाणभाषेत बसवलेली नाही. वाचकाने प्रत्येक लेखाआधी तो चित्रपट पाहावा. जमल्यास एकट्याने न पाहता चार माणसं जमवून पाहावा, आणि संपल्यावर दिवे लावून बसून राहावं.